संगणकाचा कारभार : दप्तर, दुभाषी आणि पाळी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नारायणगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षी आम्हांस बोलावयास पाचारण केले, तेव्हा विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक दिली. अट मात्र एक घातली. व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबास त्याचा काही उपयोग व्हावा, अशी ती अट होती. आज जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या बहुतेक घरांत संगणक, निदान मोबाइल तरी, आहेच. मुलांच्या गुणपत्रिका, जमिनीचे उतारे, लग्नकार्यांची छायाचित्रे, घराण्याची वंशावळ, दुकानाचे हिशेब हे सर्व आता त्या यंत्राच्या पोटात जाऊन बसले आहे. ज्याच्या हाती घरची किल्ली द्यावयाची, त्या कारभाऱ्याचे नावगाव, चालचलणूक आपण आधी विचारून घेतो. या यंत्राच्या कारभाऱ्याची विचारपूस मात्र आपण फारशी केलेली नाही. ती आज करावी, असे आम्ही योजले आहे.

या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम असे नाव आहे. आपण सोयीसाठी कार्यप्रणाली म्हणू. संगणकाचे यंत्र स्वतः मुके असते. त्यात गणित करणारा प्रोसेसर असतो, हातातले काम ठेवावयास मेमरी असते आणि कायमच्या साठवणीसाठी डिस्क असते. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, चित्रपट दाखविणे ही कामे करणारे कार्यक्रम अनेक. परंतु यंत्र एकच. त्या सर्वांमध्ये उभे राहून कोणास काय मिळेल, कोठे ठेवले जाईल आणि कोणाशी बोलता येईल हे ठरविणारी ती कार्यप्रणाली. यांतील युनिक्स हे घराणे १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आले. आजची मॅक संगणकांची प्रणाली त्याच वंशातील आहे. लिनक्स हिचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर स्वतंत्रपणे लिहिला आणि सर्वांस वाचावयास खुला केला. विंडोजचा आजचा वंश १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून चालत आला आहे. आणि ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकले नसेल, त्यांच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच आहे.

कारभारी कोणताही असो, त्यास तीन कामे चुकत नाहीत. दप्तर सांभाळणे, परक्या यंत्रांशी दुभाष्यामार्फत बोलणे आणि साधनांची पाळी लावणे. या तिन्ही कामांत निरनिराळ्या प्रणालींच्या रीती कशा वेगळ्या आहेत, ते क्रमाने पाहू.

दप्तर

आपण शेतकरी माणसे. शेत आणि शेताचा सातबारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. शेत जागेवर असते. उतारा तलाठ्याच्या दप्तरी असतो. संगणकात नेमके असेच असते. फाइलीतील मजकूर डिस्कवर बारीक बारीक तुकड्यांत, कित्येकदा एकमेकांपासून दूर, पडलेला असतो. कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, ती कोणाच्या मालकीची, कोणास वाचण्याची मुभा, याची नोंद वेगळी ठेवलेली असते. फाइल पुसली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा केवळ उताऱ्यावरचे नाव कमी झालेले असते. पीक रानात तसेच उभे असते. दुसऱ्या मजकुराने ती जागा व्यापीपर्यंत जाणकार माणूस ते परत काढू शकतो. जुना संगणक विकावयाचा झाल्यास ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९७७ साली आलेली फॅट नावाची दप्तराची पद्धत अगदी साधी होती. एक यादी, तीत या तुकड्यापुढे कोणता तुकडा एवढेच लिहिलेले. तिच्या फॅट-३२ या सुधारित रूपात एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही. पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर असूनही लग्नाची मोठी चित्रफीत त्यात जात नाही, याचे कारण बहुधा हेच असते. या पद्धतीचा मोठा दोष असा की, लिहिता लिहिता वीज गेली तर यादी अर्धवट राहते आणि मग कोणाचे शेत कोणाच्या नावे लागेल याचा भरवसा उरत नाही.

यावर जो उपाय निघाला, तो आपल्या महसूल खात्यात फार पूर्वीपासून रूढ आहे. जमिनीची खरेदी झाली म्हणून तलाठी लागलीच सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, हरकतीची मुदत लोटते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि नंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. मध्येच काही विघ्न आले तरी फेरफार पाहून काय झाले आणि काय व्हावयाचे राहिले हे कळते. विंडोजमधील एनटीएफएस आणि लिनक्समधील ईएक्सटी-४ या दोन्ही पद्धती अशीच फेरफाराची वही ठेवतात. वीज परत आली की आधी वही वाचतात, पुरी झालेली नोंद अमलात आणतात आणि अपुरी सोडून देतात. मॅकवर २०१७ सालापासून आलेली एपीएफएस ही पद्धत निराळी युक्ती करते. दप्तराच्या जुन्या पानावर ती खाडाखोड करीतच नाही. नवे पान शेजारी लिहून पुरे करते आणि मगच जुन्याच्या जागी ते मानावयास लागते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही वही मुख्यतः दप्तराची घडी राखते. आपण त्या क्षणी लिहीत असलेला मजकूर वाचेलच असे नाही. आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यास्तव लिहिता लिहिता जतन करीत जाण्याची सवय कोणत्याही प्रणालीत सोडू नये.

दप्तराची मांडणीही वेगळी असते. विंडोजमध्ये डिस्कचे प्रत्येक दालन म्हणजे सी, डी, ई अशा अक्षराचे स्वतंत्र गाव. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून गणती सी पासून सुरू होते. लिनक्स आणि मॅकमध्ये मूळ एकच; पेनड्राइव्ह जोडला तरी तो त्याच झाडाची एक फांदी होऊन बसतो. लिनक्स रोमन लिपीतील लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करते, विंडोज सहसा करीत नाही. म्हणून लिनक्सवरील दोन वेगळ्या फाइली विंडोजवर नेताना एकीवर दुसरी बसण्याचा धोका असतो. उघडलेली फाइल विंडोज बहुधा पुसू देत नाही. लिनक्स नाव तत्काळ काढून टाकते, मात्र जो कार्यक्रम ती वाचीत आहे त्याचे काम संपेपर्यंत मजकुरास हात लावीत नाही. यांपैकी एक रीत शहाणी आणि दुसरी वेडी, असे नाही. प्रत्येकीच्या मागे विचार आहे. तो ठाऊक नसला म्हणजे माणूस यंत्रावर चिडतो, इतकेच.

परंतु दप्तर नीट राहिले म्हणजे मजकूर वाचता येईलच, असे मात्र नाही. याचा दाखला आपल्या दाराशीच आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात आकड्यांसह मोजदाद आहे. घाटाने शतकानुशतके माणसे आणि बैल गेले. लेख डोळ्यांसमोर होता आणि तरी वाचणारा कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कोठे अशा लेखांस पुन्हा वाचा फुटण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या पाहण्यात मंडळाच्या स्मरणिकेच्या काही जुन्या अंकांच्या संगणकीय प्रती आल्या. फाइली शाबूत होत्या, डिस्क शाबूत होती. परंतु ज्या जुन्या मराठी फाँटात त्या जुळविल्या होत्या, तो आता कोणाकडे नाही. त्या फाँटात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या खुणांवर बसविलेली असत. परिणामी उघडल्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा कचरा. नाणेघाटाच्या लेखास वाचक मिळावयास शतके लागली. आपल्या अंकावर तोच प्रसंग काही थोड्या वर्षांत ओढवला आहे.

दुभाषी

दुसरे काम परक्यांशी बोलण्याचे. छपाईचे यंत्र, कॅमेरा, ध्वनीचे कार्ड या प्रत्येकाची बोली निराळी. कार्यप्रणालीस त्या सर्व बोली येणे शक्य नाही, म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक दुभाषी नेमलेला असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी कोणी पुरवावयाचा, याबाबत तीन घराण्यांच्या तीन रीती आहेत. विंडोजच्या राज्यात तो बहुधा यंत्र तयार करणारा कारखानदार देतो आणि त्यावर ओळखीची संगणकीय सही असावी लागते. लिनक्समध्ये बहुसंख्य दुभाषी गाभ्याच्या घरातच राहतात. त्यांची संहिता सर्वांस खुली असल्यामुळे कारखानदाराने अंग काढून घेतले तरी दुसरे कोणी ती चालू ठेवू शकते. मॅकच्या बाबतीत यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची, त्यामुळे घरच्या यंत्रांपुरती भांडणे थोडी. परंतु निवडही थोडी.

दुभाष्याचे पद नाजूक असते, कारण त्यास कित्येकदा थेट गाभाऱ्यात प्रवेश असतो. सामान्य कार्यक्रम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभाऱ्यातला चुकला तर सारे देऊळ बंद. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक घटक विंडोजच्या गाभ्यात काम करीत असे. त्यास पाठविलेल्या एका सदोष माहितीमुळे सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी कोलमडले आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे खोळंबली. शक्य तेवढे दुभाषी गाभाऱ्याबाहेर ओसरीवर बसवावेत, हा विचार त्यापूर्वीच सुरू झाला होता आणि मॅकने २०१९ पासून ती वाट धरली आहे. यावरून घरी घ्यावयाचा धडा एवढाच की, ड्रायव्हर म्हणून जे काही आपण यंत्रात घालतो, त्यास आपण घराची किल्ली देत असतो. ते कारखानदाराच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावे. कोणी फुकट देतो म्हणून घेऊ नये.

आमच्या परिचयाच्या एका घरी छपाईचे एक जुने यंत्र आहे. नव्या विंडोजसाठी त्याच्या कारखानदाराने दुभाषी लिहिलाच नाही, म्हणून ते यंत्र भंगारात निघाले होते. लिनक्सवर जोडताच ते चालू झाले. त्याच घरच्या स्कॅनरची कथा मात्र उलटी. तो लिनक्सशी बोलावयास तयार नाही. तेव्हा यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याचा दुभाषी कोणकोणत्या दरबारी हजर असतो, ते विचारून घेणे शहाणपणाचे होय.

पाळी

तिसरे काम वाटपाचे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाखाली राहणाऱ्या माणसांस वाटप म्हणजे काय, हे आम्ही निराळे सांगावे असे नाही. पाणी मोजके, मागणारे पुष्कळ. त्यासाठी आवर्तन ठरते, शेजपाळी लागते, आणि चारीच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहू नये म्हणून शेवटाकडून वर येण्याचा नियम केला जातो. प्रोसेसरचा वेळ हे संगणकाचे पाणी.

जुन्या विंडोजमध्ये, म्हणजे ३.१ पर्यंत, प्रत्येक कार्यक्रमाने आपले काम झाले की आपण होऊन दार सोडावे, अशी अपेक्षा असे. एखाद्याने सोडले नाही तर बाकीचे ताटकळत राहत. वरच्या शेतकऱ्याच्या सज्जनपणावर सारी चारी सोपविल्यासारखेच ते होते. आजच्या सर्व प्रणालींत घड्याळाचा टोला पडला की कारभारी स्वतः दार फिरवितो. एकेक पाळी सेकंदाचा लहानसा अंश असते, म्हणून सर्व कामे एकाच वेळी चालल्याचा आपणांस भास होतो.

दार कोणाकडे फिरवावयाचे, येथे पुन्हा मतभेद आहे. विंडोजमध्ये मानाच्या ३२ पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरच्याचे आधी, एकाच पायरीवर असलेल्यांची पाळीपाळीने सोय, आणि आपण समोर उघडलेल्या खिडकीस काहीसे झुकते माप. लिनक्सने २००७ पासून, ज्यास आपल्या वाट्यापैकी सर्वांत कमी मिळाले त्यास आधी द्यावे, हा न्याय धरला; २०२३ पासून त्यास कोणाचे काम किती लवकर व्हावयास हवे याच्या हिशेबाची जोड दिली. मेमरीचेही असेच. धरण भरले की काही मजकूर डिस्कवर उतरवून जागा करतात. डिस्क संथ असल्यामुळे संगणक मंदावतो. त्यानेही भागले नाही तर लिनक्स एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचा बळी देऊन बाकीचे वाचविते. अँड्रॉइड तर मागे पडलेले कार्यक्रम बिनबोभाट बंद करीत असते. संगणक मंद झाला म्हणून नवा घेण्यापूर्वी आपली टंचाई कशाची आहे, प्रोसेसरची, मेमरीची की डिस्कची, हे तपासावे. पुष्कळदा थोडी मेमरी वाढवून किंवा जुनी फिरती डिस्क बदलून काम भागते.

खोडदचे उदाहरण

ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असतील, तर येथून फार दूर जावयास नको. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. प्रत्येक तबकडीकडून दोन असे ६० संकेत प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात. ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपावयाचा तर प्रत्येक संकेताची सेकंदास किमान ६ कोटी ४० लाख मापे घ्यावी लागतात. ६० संकेतांची मिळून ३८४ कोटी. शिवाय ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या जुळतात आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार तत्क्षणी व्हावा लागतो.

पूर्वी हे काम खास त्यासाठी घडविलेली विद्युत् यंत्रणा करीत असे. २०१० च्या सुमारास येथील शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांनी ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर, लिनक्सखाली, आणून दाखविले. पुढील श्रेणीवाढीत ग्राफिक्स प्रोसेसर जोडलेले संगणक आले आणि पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. अशा कामात पाळीचा प्रश्न जिवावरचा असतो. पाटाचे पाणी चुकले तर पुढील आवर्तनाची वाट पाहता येते. आकाशातून आलेली लहर क्षणात निघून जाते. प्रोसेसर भलत्याच कामात गुंतला तर ती कायमची गेली. संहिता खुली असल्यामुळे अभियंत्यास आपल्या कार्डासाठी स्वतःचा दुभाषी लिहिता येतो आणि अमुक प्रोसेसरने अमुक एवढेच काम करावे, असे बजावता येते. बंद दरबारात ही मोकळीक मिळणे कठीण.

दप्तराचा धडा याहून मोठा आहे. दुर्बिणीची निरीक्षणे तिच्या स्वतःच्या साच्यातून फिट्स या साच्यात उतरवून दिली जातात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या साच्याच्या आरंभी, पुढे काय आहे याचे वर्णन साध्या अक्षरांत असते. आणि एकदा जे फिट्स म्हणून मान्य झाले, ते पुढेही वाचता आलेच पाहिजे, असा दंडक आहे. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची मोठी पाहणी केली. ती निरीक्षणे जपून ठेवलेली असल्यामुळे एका आंतरराष्ट्रीय गटाने त्यांवर नव्या पद्धतीने पुन्हा काम केले आणि २०१७ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ उगमांची सूची प्रसिद्ध झाली. जुने दप्तर वाचता येत होते, म्हणूनच त्यातून नवे पीक निघाले.

आपले कर्तव्य

आता आपल्या घराकडे वळू. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षेची चकती किंवा नवा प्रोसेसर कित्येक चालू संगणकांत नाही. शिकणाऱ्या मुलाच्या बापास दुकानदार सांगतो, हा टाका, नवा घ्या. टोमॅटोस भाव नसलेल्या वर्षी ही गोष्ट सोपी नसते. अशा वेळी भंगारात काढण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. डिस्कवर काहीही न बसविता तसे करता येते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची बॉस ही भारतीय भाषांसह मिळणारी प्रणालीही लिनक्सच्याच घराण्यातील आहे. पत्रलेखन, वाचन, अभ्यास, प्रोग्रॅमिंग शिकणे यांस जुना संगणक उत्तम चालतो. परंतु ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांचे पोट विंडोजवर आहे. त्यांनी भावनेच्या भरात घर बदलू नये. कारभारी कामावरून निवडावा, हौसेवरून नव्हे.

मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. स्मरणिकेचे जुने अंक, शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या आणि वंशावळी युनिकोड मराठीत उतरवून घ्याव्यात. कायमच्या प्रती कोणत्याही प्रणालीवर उघडतील अशा पीडीएफ स्वरूपात कराव्यात. त्या दोन निरनिराळ्या गावी, दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात. आणि दरवर्षी मेळाव्यापूर्वी त्या खरोखर उघडतात की नाही, हे कोणीतरी पाहावे. जुना फाँट ज्यांच्या घरच्या संगणकात अद्याप असेल, त्यांनी चिटणीसांस कळवावे. त्याच्या साहाय्याने बुजलेले अंक अजून वाचविता येतील. हे काम आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी एका सुटीत पुरे करण्याजोगे आहे. जुनी जाणती मंडळी हयात आहेत तोवर नावे पडताळून घेता येतील; उशीर झाल्यास तेही साधणार नाही.

ज्या कारभाराचे नियम उघड असतात, तो एका कारभाऱ्याकडून दुसऱ्याकडे सुखरूप जातो. ज्याचे नियम एकाच्याच पोटात असतात, तो त्याच्याबरोबर लयास जातो. आपल्या पूर्वजांनी फेरफार चावडीवर लावण्याची रीत पाळली ती याच शहाणपणाने. तीच रीत आपण आपल्या नव्या दप्तरास लावावी.